खेळगड्यांचे गाणे



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल. खेळणारी मुले आणि त्यांची गाणी! एक तर ही मुले तासन् तास मोबाइलवर खेळतात, आणि वर एकमेकांना गाणी ऐकवतात. म्हणजे एकाची दोन व्यसने झाली, आणि त्यावर तासभर बोलायला हा गृहस्थ उभा राहिला! न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती खचित यासाठी नव्हे, असेही कोणी मनात म्हणत असेल. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, आठी हवी तर तशीच राहू द्यावी. कान मात्र मोकळे ठेवावेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपल्याला आवडलेले गाणे 'हे ऐक' म्हणून दुसऱ्याच्या हाती देणे, हे काम दिसते तितके साधे नाही. त्यात देणाऱ्याची पत पणाला लागते. आणि ही देवघेव जितकी मोकळेपणाने खेळगड्यांत होते तितकी ती इतरत्र क्वचितच होते. गुरूने ऐकवलेले गाणे शिष्याला आवडावेच लागते. बापाने ऐकवलेले गाणे मुलाला, एका विशिष्ट वयात, आवडून चालत नाही. नवराबायकोंविषयी मी या सभेत काही बोलत नाही. परंतु खेळगडी म्हणजे बरोबरीचा माणूस. तो तोंडावर 'बंद कर रे हे रडगाणे' म्हणू शकतो, आणि म्हणूनच त्याने मान डोलावली तर ती खरी असते.

याचे उदाहरण शोधायला आपल्याला खानदेशाबाहेर जायला नको. आपली आखाजीच घ्या. उभ्या महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया साजरी होते. पण आखाजी होते ती आपल्याकडेच. पितरांसाठी घागर भरली जाते, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो, जुन्या रीतीप्रमाणे सालदाराचे वर्ष या दिवशी संपते आणि नवे सुरू होते. आणि या एका दिवशी खानदेश अगदी उघडपणे, कोणाचीही भीडभाड न धरता खेळतो. पुरुष पत्ते खेळतात आणि लेकीबाळी झोका खेळतात.

पुरुषांच्या पत्त्यांविषयी पोलीसपाटील जवळपास असताना फार बोलणे बरे नाही. २०२५ साली संसदेने कायदा करून मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर बंदी आणली, तेव्हा पारावरची काही मंडळी एकमेकांकडे पाहून हसली असतील, इतकेच म्हणतो. गाण्याच्या दृष्टीने मात्र पत्त्यांचा फड अगदीच कोरडा. त्याला कारण आहे. हातात चांगली पाने आली की माणूस नकळत गुणगुणू लागतो आणि समोरचा सावध होतो. म्हणून मुरलेला पत्तेवाला ओठ घट्ट मिटून बसतो. ज्या खेळात मन लपवावे लागते त्या खेळात गाणे तग धरत नाही.

झोक्याचे तसे नाही. झोका हा मन उघडे करण्याचा खेळ आहे. निंबाच्या फांदीला दोर बांधलेला, माहेरी आलेल्या सासुरवाशिणी भोवती जमलेल्या, एक झोक्यावर आणि दोघी झोका देणाऱ्या. त्या गाण्यांत गौराई असते, शंकर असतो, त्या दोघांची संसारातली भांडणे असतात, सासरचा जाच असतो. आणि सर्वांत अधिक म्हणजे भाऊ असतो, न्यायला येणारा, वाट पाहायला लावणारा भाऊ. झोक्याची एक लय ठरलेली असते. ती घड्याळाची नव्हे, दोराच्या लांबीची लय. लांब दोराचा झोका सावकाश येतो-जातो, आखूड दोराचा घाईघाईने. त्यामुळे गाणे त्या लयीत बसते की नाही याची परीक्षा तिथल्या तिथे होते. जे बसत नाही ते दुसऱ्या हेलकाव्याला गळून पडते. त्याला नापास करायला परीक्षक लागत नाही.

आता माझ्या विषयाचा धागा इथे आहे. या मुली वर्षभर कोठे असतात? कोणी अमळनेरला, कोणी पारोळ्याला, कोणी मालेगावच्या बाजूला, कोणी घाट चढून कन्नडकडे. प्रत्येकीने आपल्या सासरच्या गावी एखादे नवे गाणे उचललेले असते. आखाजीला ती ते माहेरी आणते. ते ती कसे देते पाहा. 'आमच्याकडे एक फार सुंदर गाणे आहे, तुम्ही ते अवश्य ऐका,' असे ती म्हणत नाही. ती झोक्यावर बसते आणि पहिली ओळ म्हणते. दुसऱ्या हेलकाव्याला तीच ओळ भोवतालच्या मुली उचलतात. तिसऱ्याला कोणीतरी त्यात आपल्या भावाचे नाव घालते. झाले! गाणे या गावचे झाले. पुढच्या वर्षी ते येथून आणखी कोठेतरी जाईल, आणि तिकडच्या बाया शपथेवर सांगतील की हे आमचेच. शिफारशीची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. त्यात स्तुती नाही, आग्रह नाही; पहिली ओळ देणाऱ्याची आणि पुढे घेणाऱ्याला जागा मोकळी.

गौराई बोळवायला नदीवर गेल्यावर दोन गावांच्या बायका समोरासमोर आल्या की काय होत असे, ते आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिले असेल. अलीकडच्या काठावरून एक टोमण्याचे गाणे, पलीकडच्या काठावरून त्याला उत्तर. कोठे कोठे प्रकरण दगडांपर्यंतही जाई. परंतु प्रतिस्पर्ध्याचे गाणे पाठ झाल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही, ही गोष्ट लक्षात घ्या. शत्रुपक्षाचे गाणे इतके लक्षपूर्वक ऐकणारे लोक फार थोडे.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी याच मुलखातल्या. १८८० सालचा त्यांचा जन्म; अक्षरओळख नाही; शेतात, जात्यावर, घरात काम करता करता त्या गाणी रचीत आणि म्हणत. आखाजीवरही त्यांनी रचले आहे. त्यांची गाणी त्यांच्याबरोबर विरून गेली असती. तशी त्यांच्या आधी किती जणींची गेली, याचा हिशेब कोणाकडेच नाही. परंतु त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक आप्त यांनी ऐकता ऐकता ती उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांपुढे ठेवली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते हे विसरू नका. नावाजलेल्या कवीने मुंबईतल्या मोठ्या साहित्यिकापुढे आपल्या निरक्षर आईची गाणी ठेवायची, यात संकोच वाटण्यासारखे पुष्कळ होते. आईची माया म्हणून अत्र्यांनी हसून सोडून दिले असते तर? मघाशी मी म्हणालो की पत पणाला लागते, ती अशी. अत्र्यांनी ती गाणी पुस्तकरूपाने आणण्याचा आग्रह धरला, प्रस्तावना लिहिली, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' महाराष्ट्राच्या हाती आली. पुढे १९६१ साली 'मानिनी' चित्रपटातून ती घरोघर पोहोचली. जात्यापासून पडद्यापर्यंतच्या या प्रवासात तीन-चार माणसांनी एकमेकांना 'हे ऐका' म्हटले आहे. त्यातला एकजरी गप्प बसला असता, तरी साखळी तुटली असती.

तुम्ही म्हणाल, ही बायाबापड्यांची गोष्ट झाली. शहाण्या लोकांचे काय? शहाण्या लोकांचे तर आपल्या उशाशीच आहे. येथून थोड्या अंतरावर, पितळखोऱ्याच्या डोंगराच्या कुशीत, पाटण आहे. पाटणादेवीला आपण सगळे जातो, वनभोजन करतो, धबधबा पाहतो. तेथील शिलालेखाकडे मात्र फार थोडे वळतात. तो शके ११२८ चा, म्हणजे १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्याने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दाने दिली. लेख संस्कृतात आहे, पण देणग्यांचा काही भाग त्या वेळच्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरच्या उत्पन्नातून मठाला काय द्यायचे, ते त्यात सांगितले आहे. आजोबांचा ग्रंथ आवडला, तर नातवाने नुसते 'वाचा हो' म्हटले नाही. त्यासाठी बाजारपेठेकडून पैसे उभे केले. त्या ग्रंथांतल्या एका भागाचे नाव 'लीलावती'. लीला म्हणजे खेळ. गणिताची कोडी एका मुलीला सांगितल्यासारखी खेळीमेळीने घातली आहेत. शिकणाऱ्याला खेळगडी मानल्याशिवाय असे लिहिता येत नाही.

आणि गंमत अशी की, त्याच सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव होता. 'संगीतरत्नाकर' हा आपल्या संगीताचा आधारग्रंथ त्याचा. हा मनुष्य पेशाने गवई नव्हे, तर दरबारचा हिशेबाचा अधिकारी. त्याच्या घराण्याचे मूळ काश्मिरात. दिवसा यादवांचे जमाखर्च पाहायचे आणि उरलेल्या वेळात स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य यांवर सात अध्याय लिहायचे. चांगदेव आणि शार्ङ्गदेव कधी एकमेकांशी बोलले असतील का, हे मी कल्पनेवर सोडतो. परंतु आवडीची वस्तू पुढच्याच्या हाती देण्यासाठी एकाने मठ बांधावा आणि दुसऱ्याने ग्रंथ लिहावा, हे घाटाच्या अलीकडे-पलीकडे एकाच राज्यात घडले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता आठशे वर्षांची उडी मारतो. मधल्या काळातले कीर्तनकार, तमाशाचे फड, नाटक मंडळ्या, तबकड्यांचे भोंगे हे सारे गाणे वाटतच हिंडत होते, पण त्यात शिरलो तर अध्यक्ष घंटा वाजवतील. रेडिओपाशी मात्र थांबलेच पाहिजे, कारण ज्यांचे केस पिकले आहेत त्यांचे खेळ आणि गाणे तेथे एकत्र आले.

१९५२ साली केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतांचे उच्चाटन झाले. लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावे, हा हेतू चांगला होता. पण लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. सक्तीची शिफारस आणि गड्याची शिफारस यांत काय फरक असतो, याचा एवढा मोठा प्रयोग जगात दुसरीकडे क्वचितच झाला असेल. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, सरकारने 'विविध भारती' काढली, हा त्या प्रयोगाचा निकाल.

या कार्यक्रमांत फर्माइशीची पत्रे वाचली जात. आपल्याला हवे ते गाणे शेजारच्या घरातून ऐकू येत असले तरी लोक पोस्टकार्ड लिहीत. का? तर गाण्याआधी आपले नाव, आपल्या मित्रांची नावे आणि आपल्या गावाचे नाव उच्चारले जावे म्हणून. बिहारातले, म्हणजे आता झारखंडात असलेले, झुमरीतलैया हे गाव केवळ फर्माइशींमुळे देशाला ठाऊक झाले. अभ्रकाच्या खाणी तेथे होत्या, पण त्यांची कोणाला आठवण? हॉटेलात कॅरम चालू असायचा, फळीवर रेडिओ असायचा, आणि राणी भोकात जाण्याच्या नेमक्या क्षणी एखादा गडी हात वर करून 'थांब, हे ऐक' म्हणायचा. डाव थांबायचा. स्ट्रायकर हातात तसाच धरून चौघेजण तो आलाप ऐकायचे. मग 'हं, चल' म्हणून राणी जायची. सांगतो काय, त्या थांबण्याला मोल आहे. खेळात रंगलेल्या माणसाने गाण्यासाठी डाव थांबवणे, यापेक्षा मोठी दाद मैफलीतही मिळत नाही. पुढे कॅसेट आल्या. कोऱ्या कॅसेटच्या साठ मिनिटांत मित्रासाठी कोणती गाणी भरायची याचा विचार करण्यात लोकांनी परीक्षेच्या आदल्या रात्री घालवल्या. तो विषय तरुणपणीच्या आठवणींचा आहे, व्याख्यानाचा नव्हे.

आता मोबाइलवर खेळणाऱ्या मुलांकडे येतो. या खेळांना स्वतःचे संगीत असते, आणि ते कसे झाले हे ऐकण्यासारखे आहे. १९७८ साली जपानात 'स्पेस इन्व्हेडर्स' नावाचा खेळ आला. पडद्यावर वरून शत्रू उतरत येतात आणि खाली चारच खर्जातले स्वर पुन्हा पुन्हा वाजतात. शत्रू जवळ येऊ लागला की ते स्वर द्रुत होत जातात. बस, एवढेच. पण झोका देणाऱ्या मुलींना जे ठाऊक होते तेच त्या यंत्रात उतरले होते: खेळाची लय आणि गाण्याची लय एक झाली की जीव गुंततो. १९८५ साली कोजी कोंडो यांनी 'सुपर मारिओ' या खेळाला संगीत दिले. २०२३ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ठेवा म्हणून जपण्याच्या ध्वनिमुद्रणांत त्याचा समावेश केला. १९८९ साली हातात धरायच्या 'गेम बॉय' यंत्रावर 'टेट्रिस' आला, ठोकळे रचण्याचा खेळ. त्यावर जी धून वाजे ती रशियातल्या एका जुन्या लोकगीताची. गावोगाव माल विकत हिंडणारा फेरीवाला आणि एक मुलगी यांचे ते गाणे. आपल्याकडे बांगड्या भरायला येणाऱ्या कासारावर जशी गाणी आहेत, त्याच जातीचे. ज्या कोट्यवधी मुलांनी रशियाचा नकाशाही पाहिला नव्हता, त्यांच्या ओठी ते बसले. कोणी त्यांना लोकसंगीताचे महत्त्व समजावून सांगायला गेले नव्हते.

२००५ सालच्या 'सिव्हिलायझेशन' या खेळाच्या चौथ्या आवृत्तीत क्रिस्टोफर टिन यांचे 'बाबा येतु' हे गाणे आहे. ते आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत आहे. ख्रिस्ती प्रार्थनाच ती. २०११ साली त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले आणि खेळासाठी रचलेल्या संगीताला तो मान प्रथमच मिळाला. आणि आपल्या महाराष्ट्राचेही एक सांगतो. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यातली नायिका राजी ही लहान मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते. विषय पाहा! झोक्यावरची बहीण भावाची वाट पाहत बसे. ही शस्त्र घेऊन शोधायला निघाली, एवढाच फरक. त्याचे संगीत भारतीय ढंगाचे आहे, आणि ते दिले आहे ग्रीसच्या लिनोस त्झेलोस यांनी. पुण्याची गोष्ट, ग्रीसचा संगीतकार; आणि ऐकणारा कदाचित ब्राझीलमध्ये बसलेला.

परंतु आपली मुले अधिक करून जो खेळतात तो खेळ निराळा. २०२० च्या सप्टेंबरात 'पबजी'वर सरकारने बंदी घातली आणि २०२१ मध्ये तोच नव्या नावाने, 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' म्हणून, आला. शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो वा जी टोळी उरते ती जिंकते. चौघांची एक टोळी असते. चौघे चार गावचे असू शकतात. कानाला यंत्र लावून ते एकमेकांशी बोलतात. या खेळात गाणे चालत नाही. आश्चर्य वाटेल, पण कारण अगदी व्यवहारी आहे: शत्रूच्या पावलांचा आवाज ऐकू यावा लागतो. डावीकडून आला की उजवीकडून, गवतावरून की लाकडी जिन्यावरून, यावर जीव अवलंबून. अशा वेळी एखाद्याच्या माइकमधून गाणे वाजू लागले तर बाकीचे तिघे त्याला काय म्हणतात ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही.

म्हणून गाणे वाजते ते खेळाआधी. चौथा गडी यायचा असतो, कोणाचे नेट अडकलेले असते, अशा त्या पाच-दहा मिनिटांच्या फुरसतीला मुले 'लॉबी' म्हणतात. आपल्या भाषेत ओसरी म्हणा. त्या ओसरीवर एकजण म्हणतो, 'अरे, हे ऐकले का?' आणि फोनवरून गाणे लावतो. पंजाबी, तमिळ, इंग्रजी, कोरियनसुद्धा. कोणी म्हणतो 'वा', कोणी म्हणतो 'बंद कर'. मला हे दृश्य फार ओळखीचे वाटते. स्ट्रायकर हातात धरून थांबलेले ते चौघे आणि हे चौघे यांत मला तरी जातीचा फरक दिसत नाही.

फरक आहे तो दुसरीकडे. ही ओसरी सोडली तर उरलेल्या वेळात यांना गाणी कोण सुचवते? यंत्र. तुम्ही एक गाणे ऐकले की त्याच्यासारखे दुसरे, दुसऱ्यासारखे तिसरे, असे ते आपोआप वाढत जाते. यंत्र हुशार आहे, माझी त्याच्याविषयी तक्रार नाही. पुष्कळ चांगली गाणी मलाही त्याच्याकडून मिळाली. पण एक गोष्ट त्याला साधत नाही: त्याला लाज वाटत नाही. त्याचे दहा गाण्यांत नऊ अंदाज चुकले तरी त्याचे तोंड उतरत नाही. गड्याचे उतरते. म्हणून गडी गाणे लावण्याआधी क्षणभर विचार करतो, याला हे आवडेल का? त्या एका क्षणात त्याने सोबत्याचा जेवढा विचार केलेला असतो तेवढा एरवी वर्षभरात केलेला नसतो. यंत्र आपल्या आवडीचे माप घेऊन त्या मापाचेच कपडे शिवते. गडी कधी कधी आपला सदरा काढून देतो, आणि तो आपल्याला येतो हे पाहून आपणच चकित होतो.

अर्थात गड्यांतही गाणे देण्याची कला सर्वांना असते असे नाही. काही जण एकदम चाळीस गाणी पाठवतात. ते देणे नव्हे, ओझे उतरवणे आहे. काही जण गाणे चालू असताना ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बसतात, बिचाऱ्याला भुवईही हलवायची चोरी! काही जण आधीच इतकी स्तुती करतात की प्रत्यक्ष गाणे आले तरी फिकेच वाटावे. त्यापेक्षा एकच गाणे द्यावे आणि त्यातली एकच जागा दाखवावी: दुसऱ्या अंतऱ्यानंतर बासरी येते ना, ती ऐक. एवढे पुरते. घेणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे: एकदा तरी शेवटपर्यंत ऐकावे. पहिल्या दहा सेकंदांत पुढे ढकलण्याची जी खोड बोटांना लागली आहे, ती गाण्याच्या नव्हे, मैत्रीच्या मुळावर येते.

आता जे सांगण्यासाठी मी मुख्यतः आलो ते सांगतो. 'हाई झुमका वाली पोर' हे अहिराणी गाणे गेल्या काही वर्षांत खानदेशाबाहेर किती लांब गेले, हे तुम्ही लग्नांच्या वरातींत पाहिले आहे. फोनवरून फोनवर ते गेले. आपली बोली बोलताना शहरात गेल्यावर आवाज खाली घेणारा मुलगाही ते मोठ्याने लावतो. चांगले झाले. नाचाची गाणी धावतात, त्यांना पाय असतात. पण झोक्याची गाणी धावत नाहीत. ती यंत्रात फारशी नाहीतच. ती आहेत सत्तरी-ऐंशीच्या बायांच्या गळ्यात. निंबाची झाडे रस्तारुंदीत गेली, लेकी आखाजीला दोन दिवसांसाठी येतात आणि टीव्हीपुढे बसतात, आणि गाणे म्हणायला समोर झोका नाही. बहिणाबाईंना एक सोपानदेव होते. प्रत्येक घरी कोठून आणायचे?

माझे उत्तर असे की, ते घरातच आहेत, कानाला यंत्र लावून बसले आहेत. ध्वनिमुद्रणाचे साधन त्यांच्या खिशात आहे आणि देवघेवीची सवय त्यांच्या हाडात आहे. फक्त थोडे तंत्र सांगितले पाहिजे. पंखा बंद करावा, कारण पंख्याची घरघर गळ्यापेक्षा मोठी येते. फोन हातात धरू नये, पाटावर ठेवावा. आजीला 'गा' म्हणू नये, कामाला हात लागला की ती आपोआप म्हणू लागेल. मध्येच शब्दाचा अर्थ विचारू नये, संपल्यावर विचारावा. तिचे नाव, माहेरचे गाव, गाणे कोणाकडून आले, हे तिच्याच आवाजात शेवटी घ्यावे. आणि ते दुसऱ्याला ऐकवण्याआधी तिला विचारावे. जाचाची गाणी असतात, त्यांतली काही बाहेर जाऊ नयेत असे तिला वाटू शकते, आणि तो तिचा अधिकार आहे.

एका ओळखीच्या घरात घडलेली गोष्ट सांगतो. मुलगा ओसरीवर, म्हणजे त्या लॉबीत, चौथ्या गड्याची वाट पाहत होता. माइक उघडा होता. आत आजी डाळ निवडता निवडता गुणगुणत होती. तिकडून हैदराबादचा गडी म्हणाला, 'हे कोणते गाणे? पुन्हा लाव.' हा म्हणाला, 'लावलेले नाही. आजी आहे.' तिकडे तिघेही गप्प. मग एकाने विचारले, भाषा कोणती? उत्तर देण्याच्या आत खेळ सुरू झाला आणि पावलांच्या आवाजाकडे लक्ष गेले. पण खेळ संपल्यावर हैदराबादच्या मुलाने पुन्हा विषय काढला. दुसऱ्या दिवशी नातू फोन घेऊन आजीपुढे बसला. आजी हसली आणि म्हणाली, "झोका नही, ते गानं कसानं?"

तेव्हा त्याने माळ्यावरचा जुना पाळण्याचा दोर काढला आणि माडीच्या कडीला बांधला. आजी बसली, नातवाने झोका दिला, फोन तिच्या मांडीवर. गाणे चांगले उतरले, पण प्रत्येक हेलकाव्याला कडी करकरत होती, तीही उतरली. हैदराबादच्या मुलाने ऐकून विचारले म्हणे, की ती करकर काढून टाकता येईल का. याने कळवले, नाही; तो तिचा ताल आहे.